शासकीय आरोग्यविमा आणि कोरपना

आरोग्यविम्याच्या क्षेत्रात शासनाने खासगी संस्थांशी स्पर्धा करावी काय, या प्रश्नाची चर्चा बहुधा हप्त्याच्या दराभोवती फिरते. वस्तुतः भारतात ही स्पर्धा नवी नाही. १९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १९९९ च्या कायद्यानंतर खासगी कंपन्यांना पुन्हा वाव मिळाला. तेव्हापासून शासकीय व खासगी कंपन्या एकाच बाजारात आहेत.

परंतु स्पर्धेचा लाभ हप्ता भरू शकणाऱ्यासच होतो. कोरपना तालुक्यातील ज्या शेतमजुराची ती ऐपत नाही, तो या बाजाराबाहेरच राहतो. त्याच्यासाठी शासनानेच हप्ता भरण्याचा मार्ग राज्याने स्वीकारला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी गडचिरोलीसह आठ जिल्ह्यांत आणि २१ नोव्हेंबर २०१३ रोजी चंद्रपूरसह उर्वरित राज्यात लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. कुटुंबामागे दीड लक्ष रुपयांची वार्षिक मर्यादा २०२३ च्या शासननिर्णयाने पाच लक्ष झाली.

तथापि विमा उपचाराचे मूल्य चुकवितो, रुग्णालय निर्माण करीत नाही. योजनेचा लाभ अंगीकृत रुग्णालयांतच मिळतो. अवघड शस्त्रक्रियेसाठी चंद्रपूर किंवा नागपूर गाठावे लागले, तर बुडालेली मजुरी रुग्णाच्याच माथी येते. म्हणून अशा विम्याची खरी कसोटी खासगी हप्त्याशी तुलना ही नसून, विमापत्र आणि रुग्णशय्या यांमधील अंतर किती घटले, ही होय.