विहिरीचें पाणी आणि औषधाचें माप

येवल्याचा रंगारी पैठणीचें रेशीम रंगविण्यापूर्वीं तें तराजूंत घालतो व त्या वजनावरून रंगाचें प्रमाण ठरवितो. विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकणाऱ्या जलसुरक्षकास ही सोय नाहीं. विहीर तराजूंत मावत नाहीं; तिच्या पाण्याचें माप भूमितीकडूनच मागून घ्यावें लागतें.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतील या तालुक्यांत विहिरीचें मोल सांगावयास नको. गोल बांधीव विहिरींतील पाणी म्हणजे एक वृत्तचितीच होय. दोरीला दगड बांधून तळाशीं सोडावा. जेवढी दोरी भिजेल तेवढी पाण्याची खोली. व्यासाच्या वर्गास त्या खोलीनें व पुन्हा ०.७८५ नें गुणिलें कीं घनमीटर निघतात; एका घनमीटरांत १००० लिटर. व्यास ४ मीटर व खोली ३ मीटर असल्यास पाणी सुमारें ३७,७०० लिटर झालें. ताज्या पावडरींत शेंकडा ३३ क्लोरीन असतो, आणि ती दर १००० लिटरांस अडीच ग्रॅम घालण्याचा प्रघात आहे. या विहिरीस ९४ ग्रॅम झाली.

चूक बहुधा व्यासांत होते. कठड्याच्या बाहेरून मोजून ४ ऐवजीं ५ मीटर धरले, तर औषध सव्वापट नव्हे, दीडपटीहून अधिक, म्हणजे १४७ ग्रॅम पडतें. कारण व्यासाचा वर्ग होतो. पाण्याला उग्र वास येतो आणि माणसें तें सोडून ओढ्याच्या पाण्याकडे वळतात. पावसाळ्यांतील चूक याहून घातक. जूनमध्यें ३ मीटर असलेलें पाणी ऑगस्टांत ६ मीटर झालें आणि माप जुनेंच राहिलें, तर पाणी दुप्पट व औषध तेवढेंच. पटकीच्या सांथीचे दिवसही नेमके हेच! शिवाय ओल लागलेल्या पोत्यांतील क्लोरीन उडून जातो. तो शेंकडा २० वर आला असल्यास ९४ ग्रॅमच्या जागीं १५५ ग्रॅम लागतात.

कोरडी पावडर वरून फेकणें हा निव्वळ आळस. ती बादलींत कालवून चुना खालीं बसूं द्यावा, वरची निवळी दुसऱ्या बादलींत घ्यावी आणि ती बादली पाण्यांत सोडून दोरीनें खालवर हलवावी.

इतकें करूनही गणित सांगतें तें किती घातलें एवढेंच. ९४ ग्रॅमांनीं लिटरामागें सुमारें ०.८ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. त्यांतला कांहीं भाग घाण खाऊन टाकते, आणि गढूळ पाण्यांत तर बहुतेक सगळाच. तासाभरानें परीक्षानळींत अर्धा मिलिग्रॅम उरलेला दिसला, तरच घागरी भरूं द्याव्या.