नैतिक वस्त्रव्यवसाय आणि श्रमिकांची चळवळ : खादीच्या जीवनवेतनाचा अनुभव

शिंदखेडा तालुक्यातील कोरडवाहू शेतात पिकलेला कापूस जिनिंगमध्ये जातो, गाठी होऊन सूतगिरणीत पोहोचतो आणि विणाई, रंगाई, शिलाई असे टप्पे ओलांडून कपड्याच्या रूपाने दुकानात येतो. याच परिसरातील अनेक तरुण सुरत-भुसावळ लोहमार्गाने सुरतेस जाऊन यंत्रमाग, रंगाई-छपाई व कापडबाजारात राबतात. सुरतेच्या लिंबायत, उधना भागांतील खानदेशी वस्ती हे या स्थलांतराचे दृश्य रूप होय. कपड्याच्या किमतीत या हातांचा वाटा किती, हे मात्र ग्राहकास कळत नाही.

अपुरे वेतन, दीर्घ पाळ्या, असुरक्षित इमारती आणि संघटनेस मज्जाव ही ज्यांची लक्षणे आहेत, अशा वस्त्रोद्योगातील कारखान्यांना जगभर ‘स्वेटशॉप’ म्हटले जाते. 1990 च्या दशकात अमेरिकेतील विद्यार्थी व कामगार संघटनांनी त्यांविरुद्ध चळवळ उभारली. पुढे ‘पिळवणूकमुक्त’ कपडे विकणारे व्यवसायही निघाले. असे व्यवसाय चळवळीस उपकारक ठरतात की ग्राहकाच्या मनाचे केवळ समाधान करतात, हा वादाचा मुद्दा आहे. महाराष्ट्रात हा प्रश्न त्यापूर्वी सहा दशके उपस्थित झाला होता आणि तोही खादीच्या संदर्भात, ही बाब सहसा ध्यानात घेतली जात नाही.

अखिल भारतीय चरखा संघाची स्थापना 1925 मध्ये झाली. खादी देशभक्तीपोटी विकत घेतली जात होती, तरी सूत कातणाऱ्या स्त्रियांच्या हाती दिवसाकाठी जेमतेम काही पैसेच पडत. मिळकतीचे दुसरे साधन नसलेल्या स्त्रीला तेवढेही पुष्कळ, असे समर्थन केले जाई. (आजचे कारखानदारही नेमका हाच युक्तिवाद करतात.) 1935 मध्ये गांधीजींनी या समर्थनावरच बोट ठेवले. आठ तासांच्या कताईस आठ आणे मिळावेत, हा त्यांचा आदर्श होता. भाव वाढून विक्री घटेल, अशी भीती कार्यकर्त्यांना वाटत होती; तरीही संघाने किमान निर्वाहवेतनाचे तत्त्व स्वीकारले. प्रत्यक्ष दर आठ आण्यांच्या बराच खाली राहिला. त्याच वर्षी वर्ध्याजवळील नालवाडी येथे विनोबांनी दिवसभर सूत कातून केवळ त्या मजुरीवर निर्वाह करण्याचा प्रयोग केला. मजुरीचा दर माणसास जगवितो की नाही, हे स्वतःच्या देहावर तपासणारा दुसरा लेखापरीक्षक वस्त्रव्यवसायाच्या इतिहासात विरळाच.

मात्र या प्रयोगात एक उणीव होती. गांधीजींनी 1918 मध्ये अहमदाबादच्या गिरणी कामगारांच्या संपाचे नेतृत्व केले आणि 1920 मध्ये तेथे मजूर महाजन ही संघटना उभी राहिली. गिरणी कामगार मालकांशी वाटाघाट करू शकत होते. कातणाऱ्या स्त्रियांना तशी संघटना लाभली नाही. त्यांचा दर संघाचे विश्वस्त ठरवीत. वाढीव मजुरीबरोबर स्वतः खादी वापरण्याची अटही वरूनच आली. एप्रिल 2025 पासून सुताच्या गुंडीचा दर 15 रुपये झाला, तोही खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या निर्णयाने. सदिच्छेने दिलेले वेतन आणि हक्काने मिळविलेले वेतन यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

डिसेंबर 1936 मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. तेथील खादी-ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्घाटन गांधीजींनी केले. त्याच अधिवेशनाच्या कृषिकार्यक्रमात शेतमजुरांना निर्वाहवेतन देणारी वैधानिक तरतूद व्हावी, अशी मागणी होती. एका मांडवात न्याय्य व्यापाराचा नमुना आणि दुसऱ्यात कायद्याची मागणी! नैतिक व्यवसायाचे खरे कार्य या शेजारातून उमगते. ‘परवडत नाही’ हा युक्तिवाद तो खोटा पाडतो. पण सर्वांवर बंधन घालण्याचे सामर्थ्य कायद्यात आणि संघटनेतच असते.

अलीकडील दोन उदाहरणे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. लॉस एंजेलिस येथील ‘अमेरिकन अपॅरल’ने पिळवणूकमुक्त उत्पादनाचा गाजावाजा केला, परंतु कामगार संघटनेस विरोध केल्याचे आरोप तिच्यावर झाले, 2015 मध्ये ती दिवाळखोरीत गेली. याउलट डॉमिनिकन प्रजासत्ताकात 2010 मध्ये सुरू झालेल्या ‘आल्ता ग्रासिया’ने स्थानिक किमान वेतनाच्या तिपटीहून अधिक वेतन दिले, संघटनेस मान्यता दिली आणि स्वतंत्र देखरेख स्वीकारली.

केवळ प्रमाणपत्राचा भरवसा किती धरावा, हे 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळील राणा प्लाझा कोसळली तेव्हा दिसले. अकराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. इमारतीतील काही कारखान्यांचे सामाजिक लेखापरीक्षण आधी झालेले होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसूनही कामगारांना आत जावे लागले, कारण नकार देण्यासाठी त्यांच्या पाठीशी संघटना नव्हती. त्यानंतर ब्रँड व कामगार संघटना यांच्यात जो सुरक्षा करार झाला, त्याचे महत्त्व तो कायद्याने बंधनकारक होता यात आहे.

अमेरिकन विद्यार्थ्यांच्या हाती विद्यापीठाच्या बोधचिन्हाचे कपडे होते. त्यांच्या परवान्यात ते अटी घालू शकले. महाविद्यालयेही क्रीडा पोशाख, शिबिरांचे टी-शर्ट, कर्मचाऱ्यांचे गणवेश खरेदी करतात. खरेदी समितीपुढे तीन दरपत्रके येतात आणि सर्वांत कमी दर मंजूर होतो. नगामागे शिलाईचा दर काय आणि शिवणाऱ्यांची संघटना आहे काय, हे विचारणारा रकाना त्या दरपत्रकात नसतो.