बंदूक ‘आपोआप’ उडत नाही



आपल्या ओझर-निफाड भागात द्राक्षमणी भरू लागला की पाखरांची धाड येते, आणि उसात बिबट्याची धास्ती असतेच. म्हणून काही मळ्यांत परवान्याची बंदूक असते. पिकाच्या औषधाबद्दल आपण नेहमी बोलतो. आज या बंदुकीबद्दल बोलू.

गेल्या हंगामात एका बागेत भुरी पाहायला गेलो होतो. शेडच्या भिंतीला बंदूक टेकवलेली, शेजारी पोरं खेळत होती. मालक म्हणाले, “रिकामीच हाये साहेब!” उघडून पाहिली तर दोन्ही नळ्यांत काडतुसं. रात्री धाकट्या भावानं भरली होती, सांगायचं राहून गेलं. एखाद्या पोरानं चाप ओढला असता, तर सगळे म्हणाले असते, “अपघात झाला.” पण तो अपघात नव्हे, ती हयगय.

फरक कसा ओळखावा?

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १८ मधला दाखला आपल्या ओळखीचाच आहे. माणूस कुऱ्हाडीनं काम करतोय, पातं निसटून शेजारच्याला लागलं आणि तो दगावला. काम कायदेशीर असेल आणि योग्य काळजी घेतली असेल, तर तो गुन्हा नाही. पण दांडा ढिला आहे हे ठाऊक असून कुऱ्हाड चालवली तर? मग ती हयगय. बंदुकीचंही तसंच. कमान झिजली, घोडा नीट अडकत नाही, हे माहीत असून ती वापरली तर “आपोआप उडाली” ही सबब चालत नाही. हयगयीनं मृत्यू झाल्यास कलम १०६ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कुणाला इजा झाली नाही, पण लग्न-वरातीत बार काढून लोकांचा जीव धोक्यात घातला, तरी शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

२०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या जंगलात शिकारीला गेलेल्यांनी आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली. तो गेला. झुडूप हललं म्हणजे डुक्करच आहे असं नाही. तो दारं धरायला निघालेला शेजारीही असतो.

एवढे नियम पाळा

१. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा. हाती घेताच स्वतः उघडून पाहा.

२. नळीचं तोंड माणूस, जनावर, घर यांच्याकडे कधीही नको. नळीत फुंकर मारून पाहू नका.

३. बार काढायचा नसेल तोवर बोट चापावर नको.

४. नेम काय आहे आणि त्याच्या मागं काय आहे, दोन्ही दिसल्याशिवाय बार नाही. छरे दगडावरून, पाण्यावरूनही उसळतात.

५. बांध, तारेचं कुंपण, पाट ओलांडताना आधी काडतूस काढा.

६. ठासणीची बंदूक भरून खुंटीला टांगू नका. टोपी काढली तरी आत दारू आणि छरे असतातच. दारू ओली असली तर टोपी फुटूनही बार उशिरा उडतो. नळी मोकळ्या दिशेला धरून निदान एक मिनिट थांबा. दारूजवळ विडी नको.

७. बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात. किल्ली परवानाधारकाकडेच.

८. मद्य घेतल्यावर बंदुकीला हात नाही.

परवान्याचा अर्थ

पीक-संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बिबट्याला संरक्षण आहे. तो दिसला तर वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा. पाखरांसाठी जाळी लावणं बंदुकीपेक्षा बरं. 

मंडळी, आज घरी गेल्यावर पहिलं काम एकच करा. बंदूक मोकळ्या दिशेला धरून उघडा आणि डोळ्यांनी पाहा. “रिकामीच हाये” हे पाहिल्यानंतर बोलायचं, आधी नाही.