टोपलीची मजुरी

वसईच्या बाजारात मासळी, भाजी, फुलं मांडलेली असतात, ती बहुधा बांबूच्या टोपल्यांत. घासाघीस मालाच्या भावावरून होते. टोपलीकडे कोण पाहतो?

ती विणणं बुरुडांचं परंपरागत काम, आदिवासी पाड्यांवरही चालणारं. बांबू पावसाळा संपल्यावर तोडावा, एरवी त्याला लवकर कीड लागते. मग कोयत्याने उभा चिरून त्याच्या पातळ पट्ट्या काढायच्या. खरं कौशल्य इथेच लागतं. पट्टी जाड राहिली तर वळताना मोडते, फार पातळ झाली तर ओझं पेलत नाही. आधी तळ, मग उभ्या पट्ट्यांतून एक आत, एक बाहेर अशी वीण, शेवटी काठ. सुपाची वीण इतकी घट्ट की तांदूळ निसटत नाही.

ज्या बांबूवर हे सारं काम चालतं, तो मुळात गवतच. तरी १९२७च्या वन कायद्यात तो झाड गणला जाई. वनाबाहेर वाढलेल्या बांबूची त्यातून सुटका झाली २०१७मध्ये.

वसई तालुक्यातल्या भालिवलीत विवेक रूरल डेव्हलपमेंट सेंटर आदिवासी महिलांना बांबूकाम शिकवतं. त्यांचे आकाशकंदील, राख्या शहरात विकल्या जातात.

आणि विणणाऱ्याच्या मजुरीचं काय? घानातल्या बोल्गाटांगाच्या गवती टोपल्या ‘फेअर ट्रेड’मधून परदेशी जातात. या पद्धतीत भाव कारागिराशी बोलून ठरतो आणि हस्तकलेसाठी त्याने मागितल्यास निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ मिळते. आपल्याकडे सुपाचा भाव पाडताना त्यामागचे तास कुणी मोजत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.