दोनशे चोवीस आवाज आणि एक म्हातारा

विक्रमगडहून जव्हारचा घाट चढताना मोबाईलची रेंज जाते. म्हणून आम्ही कादंबरी आदल्या रात्रीच उतरवून ठेवतो. सध्या जॉर्ज मार्टिन यांची 1996 सालची 'अ गेम ऑफ थ्रोन्स' ऐकतो आहोत. रॉय डॉट्रिस या ब्रिटिश नटाने एकट्याने तिच्यातील 224 पात्रांना आवाज दिले, त्याची गिनीज बुकात नोंद झाली. राजे आहेत, ड्रॅगन आहेत. पण युद्ध राजांचे आणि जळतात ती कुळांची घरे, हे लेखक लपवत नाही. म्हणून ऐकवते. (परीकथांचा आम्हाला कंटाळा आहे.)

मोखाड्याच्या पाड्यावर काम वनहक्क दाव्यांचे. 2008 च्या नियमांतील नियम 13 प्रमाणे दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब हा पुरावा असतो. म्हातारे बाबा सांगत होते : आंब्याखाली आजाचे खोपट, वर नाचणीचा तुकडा, नाल्यापाशी वाघोबा. आणि आम्ही कागदावर काय लिहिले? 'जुनी वहिवाट आहे.' कल्पित शिपायालाही स्वतःचा आवाज मिळतो, आणि आमच्या जबाबात सगळे म्हातारे एकाच वकिली आवाजात बोलतात!

गेल्या खेपेस त्यांना विचारून मोबाईल समोर ठेवला. चाळीस मिनिटे ते बोलले. परतीच्या वाटेवर राजे-राण्या बंद ठेवून तेच ऐकले. आम्ही लिहिलेला जबाब दोन ठिकाणी चुकीचा निघाला.