हायब्रिडची सरकी, मामाची मुलगी आणि रक्तगट

‘कंपनीचं बी घरी धरलं तर उगवत नाही.’ पिंगळीच्या पारावर काय किंवा परभणीच्या मोंढ्यात काय, हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते खरं नाही. हायब्रिड कपाशीची सरकी दुसऱ्या वर्षी लावली तर चांगली उगवते. घोळ होतो तो पुढे. एकाच तासात एक झाड छातीएवढं, शेजारचं खुरटं. एकाची बोंडं लवकर फुटतात, दुसऱ्याचा धागा आखूड निघतो.

हायब्रिड म्हणजे दोन वेगळ्या वाणांचा मुद्दाम घडवलेला संकर. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचं एनएचएच-४४ असंच तयार झालं. मादी वाणाच्या कळीतले पुंकेसर हाताने काढायचे आणि तिला नर वाणाचे पराग लावायचे. प्रत्येक गुणाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून, म्हणून पहिल्या पिढीचं सगळं रान एकसारखं दिसतं. पुढच्या पिढीत या प्रतींची नव्याने वाटणी होते आणि दबलेले गुण वर येतात. मठात राहून वाटाण्यावर प्रयोग करणाऱ्या ग्रेगोर मेंडेलने हेच मोजून दाखवलं. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या संकरातून पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले. १८६६ साली हे छापून आलं. सुरकुती एक पिढीभर दिसली नाही, पण ती नाहीशी झाली नव्हती. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

हायब्रिड म्हणजेच बीटी, हाही असाच पक्का बसलेला समज. संकर ही फार जुनी रीत आहे. बीटीमध्ये जमिनीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलेलं असतं, आणि त्याला भारतात २००२ साली परवानगी मिळाली. आपल्याकडे बीटी बहुतेक हायब्रिडमधूनच विकलं गेलं, म्हणून दोन्ही एकच वाटतात. हायब्रिडच्या झाडावरचं बोंड फोडून पाहा: झाड पहिल्या पिढीचं असलं तरी आतली सरकी दुसऱ्या पिढीची असते. झाडात एका बीटी जनुकाची एकच प्रत असेल तर साधारण चारातल्या एका सरकीत ते जनुक नसतंच.

सोयाबीनचं मात्र वेगळं आहे. त्याचं फूल उमलण्याआधीच स्वतःच्या परागाने फळतं, त्यामुळे परभणीच्या कृषी विद्यापीठाचं एमएयूएस-७१ सारखं सरळ वाण घरी राखलं तरी गुण टिकतात. फक्त पेरणीआधी ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ठेवून उगवण तपासावी. तुरीवर मधमाश्या फिरतात, म्हणून शेजारच्या रानातलं दुसरं वाण तिच्यात मिसळू शकतं. 

दबलेल्या प्रतींचा हाच हिशेब माणसांनाही लागू पडतो. पण शेतात सहज पटणारी गोष्ट घरात मात्र पटत नाही. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करायचा रिवाज जुना आहे. ठरवताना कुणीतरी म्हणतं, ‘दोघांचे रक्तगट वेगळे आहेत ना, मग काही होत नाही.’ ए, बी, ओ हे गट एका जनुकावर ठरतात, आणि माणसात अशी सुमारे वीस हजार जनुकं आहेत. आई बी आणि वडील ए गटाचे असले, दोघांकडे ओची दबलेली प्रत असली, तर त्यांची सख्खी मुलं ए, बी, एबी आणि ओ अशा चारही गटांची होऊ शकतात. म्हणजे वेगळा गट असल्याने नातं लांबचं होत नाही. ओ गटाचं मूल पाहून आईवर संशय घेणाऱ्यांनाही हेच उत्तर आहे.

आतेभाऊ-मामेबहिणींची साधारण एक अष्टमांश जनुकं सामाईक असतात. एकाच आजीआजोबांकडून आलेली एखादी सदोष प्रत दोघांकडे लपलेली असण्याची शक्यता त्यामुळे वाढते. अशा जोडप्यांच्या बहुतेक मुलांना काहीच होत नाही. पण जन्मजात दोषाचा धोका सर्वसाधारणपणे दोन-तीन टक्के असतो, तो इथे जवळपास दुप्पट होतो.

‘आमच्या घराण्यात कुणालाच नव्हतं, हिच्या माहेरचं आलं’ हे तर ऐकवत नाही. थॅलेसेमियासारखा रक्ताचा आजार मुलाला होतो तेव्हा सदोष प्रत आईकडून एक आणि बापाकडून एक आलेली असते. दोघंही धडधाकट असतात, कारण एकेक चांगली प्रत त्यांना सांभाळून घेते. दोष एकट्या सुनेच्या माथी मारणं अन्यायाचं आहे आणि चुकीचंही. मुलगी झाली म्हणून तिला बोलणंही तसंच: वाय गुणसूत्र द्यायचं की एक्स, हे बापाच्या शुक्राणूवर ठरतं.

शेवटचा गैरसमज सर्वात घातक: ‘चारात एक म्हणतात ना, पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली होतील.’ वाटणी दर गरोदरपणात नव्याने होते, आणि दर वेळी धोका चारात एकच राहतो. थॅलेसेमियाची प्रत लपलेली आहे का, हे रक्ताच्या साध्या तपासण्या आणि एचपीएलसी या चाचणीतून बहुधा कळतं. ही तपासणी लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीला करावी. आधी एकाची केली तरी चालते. त्याच्यात प्रत निघाली तर दुसऱ्याची करायची. दोघांतही निघाली तर अकराव्या-बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करता येते.