इंग्रजीतील जोरदर्शक क्रियाविशेषणे

विधानाच्या खरेपणावर भर देणाऱ्या, किंवा त्यातील गुणाची अथवा क्रियेची तीव्रता वाढवणाऱ्या क्रियाविशेषणांना जोरदर्शक क्रियाविशेषणे म्हणतात. ‘व्हेरी’, ‘रिअली’, ‘इन्डीड’, ‘सर्टनली’, ‘ॲब्सोल्यूटली’ ही इंग्रजीतील नित्याची उदाहरणे होत. मराठीत ‘फार’, ‘खूप’, ‘अगदी’, ‘अत्यंत’, ‘खरोखर’, ‘नक्की’ हे शब्द अशाच कामी येतात. त्यांच्या जोडीला ‘च’ हे एकाक्षरी अव्ययही सतत योजले जाते. भर देण्याच्या पद्धतीतील हा फरक मराठी माध्यमातून इंग्रजी शिकणाऱ्यांना अडचणीचा ठरतो. शब्दकोशातून जवळचा समानार्थी शब्द घेतला, तरी वाक्याचा अर्थ बदलू शकतो. क्वचित तो नेमका उलटाही होतो.

प्रकार

क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांच्या १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी व्याकरणग्रंथात अशा शब्दांचे दोन मुख्य वर्ग केले आहेत. पहिला वर्ग विधान खरे असल्याची ग्वाही देतो. ‘रिअली’, ‘सर्टनली’, ‘इन्डीड’ हे शब्द त्यात येतात. दुसरा वर्ग प्रमाण दाखवतो. त्यातील काही शब्द गुण टोकाला नेतात (‘कम्प्लीटली’, ‘अटरली’), काही तो वाढवतात (‘व्हेरी’, ‘डीपली’, ‘ग्रेटली’), तर काही तो कमी करतात (‘स्लाइटली’, ‘हार्डली’).

हा भेद मराठीतही जाणवतो. ‘तो खरोखर थकला आहे’ हे वाक्य ऐकणाऱ्याच्या मनातील शंकेला उत्तर देते. ‘तो फार थकला आहे’ हे वाक्य थकव्याचे प्रमाण सांगते. इंग्रजी शब्द निवडण्यापूर्वी आपल्याला यांपैकी काय सांगायचे आहे, हे ठरवणे आवश्यक असते.

मराठीतील ‘च’ आणि इंग्रजी रचना

‘च’ची गणना शुद्ध शब्दयोगी अव्ययांत होते. ते जोडल्याने मूळ शब्दाचे सामान्यरूप होत नाही. तेराव्या शतकातील मराठी वाङ्मयात त्याचे ‘चि’ हे रूप आढळते. ज्या शब्दाला ‘च’ जोडावा, त्या शब्दावर भर पडतो. ‘मीरा काल वडवणीला गेली’ या साध्या वाक्यात त्याची जागा बदलत नेल्यास इंग्रजीत दर वेळी निराळी रचना करावी लागते:

• ‘मीराच काल वडवणीला गेली’ (दुसरे कोणी नव्हे): ‘इट वॉज मीरा हू वेन्ट टू वडवणी यस्टरडे.’
• ‘मीरा कालच वडवणीला गेली’ (त्याआधी नव्हे): ‘मीरा वेन्ट टू वडवणी ओन्ली यस्टरडे.’
• ‘मीरा काल वडवणीलाच गेली’ (अन्य गावी नव्हे): ‘इट वॉज टू वडवणी दॅट मीरा वेन्ट यस्टरडे.’
• ‘मीरा काल वडवणीला गेलीच’ (शंका नको): ‘मीरा डिड गो टू वडवणी यस्टरडे.’

या चारांपैकी फक्त दुसऱ्या वाक्यात जोरदर्शक क्रियाविशेषण आले आहे. पहिल्या व तिसऱ्या वाक्यात संपूर्ण वाक्यरचना बदलली आहे. चौथ्यात ‘डिड’ या साहाय्यक क्रियापदाने भर दिला आहे. बोलताना इंग्रजीत केवळ स्वराघातानेही हे साधते, परंतु लेखनात ती सोय नसते. म्हणून ‘च’ म्हणजे ‘ओन्ली’ असे एकच समीकरण पाठ केल्याने काम भागत नाही. ‘मी येणारच’ येथे ‘सर्टनली’ किंवा ‘डेफिनिटली’ योग्य ठरते, ‘तो आलाच नाही’ येथे ‘ॲट ऑल’ लागते, तर निघता निघता म्हटलेल्या ‘आलोच’साठी ‘आय विल बी राइट बॅक’ असे म्हणावे लागते.

‘मी वडवणीचाच आहे’ याचे ‘आय ॲम फ्रॉम वडवणी ओन्ली’ असे भाषांतर सर्रास ऐकू येते. असा ‘ओन्ली’ भारतीय इंग्रजीचे एक वैशिष्ट्य म्हणून अभ्यासकांनी नोंदवला आहे आणि भारतात तो सहज समजतो. बाहेरच्या श्रोत्याला मात्र त्यात ‘केवळ’ हा अर्थ ऐकू येण्याचा संभव असतो. आजूबाजूच्या खेड्यातील नव्हे, प्रत्यक्ष वडवणीतील, असे सांगायचे असल्यास ‘फ्रॉम वडवणी इटसेल्फ’ हा प्रयोग अधिक स्पष्ट आहे.

समानार्थी शब्दांची निवड

जोरदर्शक शब्द एकमेकांच्या जागी सरसकट चालत नाहीत. ‘गुड’, ‘टायर्ड’, ‘बिग’ अशा कमी-अधिक होणाऱ्या गुणांपूर्वी ‘व्हेरी’ येते. ‘एक्सलंट’, ‘एक्झॉस्टेड’, ‘इनॉर्मस’ या विशेषणांत गुणाचे टोक आधीच गाठलेले असते. तेथे ‘ॲब्सोल्यूटली’ शोभते. ‘व्हेरी’ क्रियापदापूर्वी थेट येत नाही. ‘मला ते खूप आवडते’ याचे इंग्रजी ‘आय लाइक इट व्हेरी मच’ असे होते.

काही शब्दांचे सोबती रूढीने ठरलेले असतात. कृतज्ञता किंवा दुःख यांसाठी ‘डीपली’, पात्रता व शिफारस यांसाठी ‘हायली’, विरोधासाठी ‘स्ट्राँगली’, निराशेसाठी ‘बिटरली’ योजतात. ‘अटरली’चा ओढा बहुधा वाईट गोष्टींकडे असतो, उदाहरणार्थ ‘अटरली यूसलेस’. मराठीतही अशी रूढी आहेच: अंधार गडद असतो, शांतता नीरव असते आणि ‘मुळीच’ किंवा ‘अजिबात’ यांना सहसा नकाराची साथ लागते.

नेहमीच्या चुका

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. तथापि वडवणीसारख्या ग्रामीण तालुक्यात वर्गाबाहेर इंग्रजी कानावर पडण्याचे प्रसंग कमी असल्याने शब्दकोश व पाठांतर यांवरच भिस्त राहते. त्यातून होणाऱ्या दोन चुका विशेष लक्षात ठेवण्याजोग्या आहेत.

पहिली ‘हार्डली’ची. ‘मी खूप कष्टाने काम केले’ यासाठी ‘हार्ड’ला ‘ली’ जोडून ‘आय वर्क्ड हार्डली’ असे लिहिले जाते. त्याचा अर्थ ‘मी जेमतेमच काम केले’ असा होतो. नोकरीच्या अर्जात हे वाक्य आल्यास अर्जदार स्वतःच्याच विरोधात साक्ष देतो. येथे ‘आय वर्क्ड हार्ड’ एवढेच पुरेसे आहे.

दुसरी ‘टू’ची. ‘खूप’ या अर्थी ‘टू’ वापरले जाते. परंतु त्यात ‘प्रमाणाबाहेर’ ही छटा असते. ‘द टी इज व्हेरी हॉट’ म्हणजे चहा फार गरम आहे. ‘द टी इज टू हॉट’ म्हणजे तो पिता येणार नाही इतका गरम आहे. रुग्णाला औषधाविषयी सांगताना किंवा तक्रार लिहिताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

व्युत्पत्ती

जोरदर्शक शब्दांचा मूळ अर्थ वापराने झिजतो व केवळ जोर शिल्लक राहतो. ‘व्हेरी’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधील ‘खरा’ या अर्थाच्या शब्दापासून आला. मराठीतील ‘खूप’ हा फारसीतील ‘खूब’ म्हणजे ‘चांगला’ या शब्दापासून, तर ‘बिलकूल’ अरबीतून आला. बोलीतही असे शब्द भरपूर आहेत. मराठवाड्यात ‘फार’च्या जागी ‘लई’ सर्रास ऐकू येतो.

लेखनातील वापर

झिजलेले शब्द वारंवार योजल्याने जोर वाढत नाही. ‘व्हेरी व्हेरी सिन्सिअर’ किंवा ‘अत्यंत प्रामाणिक व अतिशय कष्टाळू’ यांपेक्षा केलेल्या कामाचा नेमका उल्लेख वाचकाला अधिक पटतो. जेथे भर देणे अपरिहार्य असेल, तेथे आधी मराठी वाक्यात ‘च’ कोठे पडतो ते पाहावे आणि मग त्या जागी इंग्रजीत क्रियाविशेषण हवे, साहाय्यक क्रियापद हवे की वाक्यरचनाच बदलावी लागेल, हे ठरवावे.